काटा शून्यावर

सेदलाक्स ग्रोव्ह, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १४ एप्रिल १९९१

सिरिल,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच केराच्या डब्यात टाकलं नसशील, असं धरून लिहिते. तीन वर्षं झाली. आधी कुणी लिहायचं यावर आता आणखी भांडण नको. मी मोठी, म्हणून मी लिहिते. संपलं.

काम छोटं आहे. ब्लू हेरनच्या, आपल्या लाकडी रोलर कोस्टरच्या, गणिताचे तुझे जुने कागद असतील, पिवळ्या वहीतले. पहिल्या उताराच्या तळाला जे वळण आहे, तिथं माणसावर किती भार येतो ते तू मांडलं होतंस. त्या पानांची झेरॉक्स पाठव. विमावाल्यांना यंदा फाइल पूर्ण हवी आहे, बाकी काही नाही. उगाच डोकं चालवू नकोस.

इकडचं म्हणशील तर पंचवीस मेला पार्क उघडतोय. पपा चौऱ्याहत्तरचे झाले, पण शिडीवर चढून स्वतः रंग देतात आणि खालून डबा धरणाऱ्याला शिव्या घालतात. ओढ्याला पाणी भरपूर आहे. नाचघराचं छप्पर गळतंय, पण तो विषय काढायची सोय नाही. आई तिथं पहिल्यांदा पपांबरोबर नाचली, म्हणून ती इमारत आता चर्चपेक्षा पवित्र. हे तुला मी काय सांगायचं? त्याच इमारतीपायी तर सगळं झालं.

माझी लिनेट एकोणीस वर्षांची झाली. तू गेलास तेव्हा दातांना तारा होत्या, आता हेरनचा कान तीच आहे. तुझी जागा तिनं घेतली म्हण ना. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी तीन फेऱ्या, शेवटच्या डब्यात शेवटच्या बाकावर बसून, डोळे मिटून. कुठला बोल्ट ढिला झालाय, कुठली फळी हलतेय, हे तिला आवाजावरून कळतं. मी खालून पाना घेऊन जाते आणि ती म्हणते तिथंच ढिला बोल्ट निघतो. पपा सगळ्यांना सांगत सुटतात, "माझ्या नातीचा कान कुठल्याही यंत्राला हार जायचा नाही." फक्त हल्ली तिचं डोकं फार दुखतं. ॲस्पिरिनची बाटली खिशातच असते. एवढ्याशा वयात कसली डोकेदुखी म्हणते मी! रात्रभर फोनवर बोलत बसते, दुसरं काय.

कॅनडात सास्काटूनला पूल बांधतोस असं ऐकलं. तिथं म्हणे जमीन इतकी सपाट की कुत्रं पळालं तर तीन दिवस दिसत राहतं. उतारांवरून भांडणारा माणूस तिथं काय करतो कोण जाणे.

कागद पाठव. लवकर.

तुझी बहीण,
इर्मा

*

सोमवार, २९ एप्रिल

सिरिल,

तीन वर्षांनी भावाचं उत्तर येतं आणि त्यात ओळी किती? एक. तीही उघड्या पोस्टकार्डावर. "गाडी फलाटावर उभी असताना काटा एकावर होता की शून्यावर?" खाली सहीसुद्धा नाही. पोस्टमननं वाचलं, लिनेटनं वाचलं, मग माझ्या हातात आलं. लिनेट विचारते, "आई, मामा कसल्या काट्याबद्दल विचारतोय?" मी म्हटलं, तुझ्या मामाला काटे काढायची हौसच आहे.

मी कागद मागितले होते. प्रश्न नव्हता मागितला.

बरं, तुला सगळं उकरायचंच आहे ना? मग उकर. हेरन उभी राहिली तेव्हा तू नाचघराच्या लाकडी जमिनीवर खडूनं गणित मांडलंस. मला ते अजून पाठ आहे, हसू नकोस. उतार नव्वद फूट. पृथ्वी दर सेकंदाला बत्तीस फुटांनी वेग वाढवते. दोन गुणिले बत्तीस गुणिले नव्वद, म्हणजे पाच हजार सातशे साठ. हा तळाशी पोचल्यावरच्या वेगाचा वर्ग. त्याला वळणाच्या त्रिज्येनं भागायचं. पपांनी नाचघर वाचवायला त्रिज्या पंचेचाळीस फुटांवर आणली होती. भागल्यावर आले एकशे अठ्ठावीस. त्याला बत्तीसनं भागलं की चार. चार जी, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या चौपट. आणि मग तू उठलास, खडू झटकलास आणि म्हणालास, "यात एक मिळवायचा. पाच."

पपांचा नियम चारचा. लाकडी गाडीत चारच्या वर माणसाला दाबायचं नाही, हे त्यांनी आपल्याला अक्षरं शिकवायच्या आधी शिकवलं. तू म्हणालास त्रिज्या साठ करा, म्हणजे तीन येतील, अधिक एक, बरोबर चार. पण साठ करायची तर नाचघर पाडावं लागणार.

मग मी ते विमानातून काढलेलं जी मोजायचं यंत्र शेवटच्या बाकाला बांधलं आणि गाडी सोडली. कागदाच्या पट्टीवर तळाशी आकडा आला तीन पॉइंट नऊ. सगळ्या मेकॅनिकांसमोर मी काय म्हटलं ते तुला आठवत असेलच. "हा शिकलेला माणूस माणसाचं वजन दोनदा मोजतोय!" सगळे हसले. पपा सगळ्यांत मोठ्यानं. ते म्हणाले, "पोरीचा काटा खरा धरू की तुझा खडू?" तू म्हणालास, मग ही गाडी माझ्या नावावर उघडू नका. ते म्हणाले, नाव घेऊन जा, टोपी राहिलीय तीही घेऊन जा. तू गेलास. आम्ही गाडी उघडली. तीन हंगाम झाले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शून्यावर. आणि त्यात चूक काय ते मला सांग. ते यंत्र आणलं तेव्हाच त्याचा काटा एकावर अडकला होता. जुना माल, विमानातून काढलेला, लष्कराच्या लिलावातला. पपांनी आपल्याला काय शिकवलं? वजनकाटा असो, हवेचं मीटर असो, तेलाचं असो, काटा शून्यावर आणल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. आठवतं, जत्रेतल्या वजनकाट्यावर तू एकदा शून्य न करता गिऱ्हाईक उभं केलं होतंस आणि पपांनी तुला आख्खा दिवस नुसता त्या काट्यासमोर बसवला होता? या पार्कमध्ये सेदलाकांपैकी कुणीही काटा शून्यावर आणल्याशिवाय मोजणार नाही. म्हणून मी मागचा स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला आणि मोजलं. यात माझं काय चुकलं?

हा प्रश्न तू तीन वर्षं मनात घोळवत होतास, की मी कागद मागितले तेव्हा सुचला? खरं सांग.

इर्मा

ता. क. लिनेटनं आज सकाळी कॉफीचा कप टाकला. डाव्या हातातून सुटला म्हणते. तिला वेंधळेपणाची सवय नाही, म्हणून लिहिलं.

*

रविवार, १२ मे

सिरिल,

तुझं पत्र मिळालं. सात पानं. बोलायला लागलास की थांबत नाहीस, हे मी विसरलेच होते.

काटा अडकला नव्हता. बरोबर आहे तुझं. विमानातलं यंत्र उभ्या विमानात एकच दाखवतं, कारण उभ्या माणसालाही जमीन खालून धरून ठेवत असते. तोच पहिला एक. आपण जन्मभर तो सोसतो म्हणून तो आपल्याला जाणवत नाही. आणि मी स्क्रू फिरवून तोच काढून टाकला. मग कागदावर आलेला प्रत्येक आकडा एकानं कमी. तीन पॉइंट नऊ नाही, चार पॉइंट नऊ. तुझे पाच, आणि जे दशांश कमी आले ते चाकांच्या घासण्यात गेले.

घे, लिहिलं. आता तोंडभर हसून घे.

तू लिहिलंस, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. मी बघितलं. गुरुवारी लिनेटच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसले, तळहातावर शेंगदाणे घेऊन. आपली कागदाची पट्टी म्हणते की दुसऱ्या टेकाडाच्या माथ्यावर उणे एक पॉइंट तीन. तसं असतं तर माणूस स्वतःच्या वजनाहून जास्त जोरानं वर फेकला गेला असता, आडवा दांडा मांडीत रुतला असता आणि शेंगदाणे ओढ्यापार गेले असते. पण शेंगदाणे कसे उठले माहीत आहे? हळूच. हातावरून सुटले, डोळ्यांसमोर तरंगले आणि मांडीवर पडले. म्हणजे उणे शून्य पॉइंट तीन. माथ्यावर पट्टी एकानं खोटं बोलत होती, तर तळालाही तेवढंच बोलणार. लिनेट हसत होती, "आई, तुला शेंगदाण्यांशी खेळायचं वय आहे का?" मी हसले नाही. पुढच्या क्षणी तळ आला आणि माझी हनुवटी छातीला टेकली.

शुक्रवारी स्क्रूला हात न लावता पुन्हा मोजलं. चार पॉइंट नऊ. मग वाटलं, माणसं कमी बसवली तर भार कमी होईल, म्हणून गाडी रिकामी सोडली. आकडा तोच. तू लिहिलंसच होतंस, गणितात वजन कुठंच येत नाही, फक्त उंची आणि त्रिज्या.

माणसाचं डोकं दहा पौंडांचं असतं, असं तू लिहिलंस. तिथं ते पन्नास पौंडांचं होतं. हे वाक्य लिहायची गरज नव्हती, सिरिल. मी ते दिवसातून दहादा मनात म्हणते. पोरीच्या मानेकडे बघते आणि म्हणते.

लिनेटला मी परवापासून फेऱ्यांवरून काढलंय. या हंगामात सोमवार ते गुरुवार चार दिवस तिनं फेऱ्या केल्या, तेवढ्याच. तिला सांगितलं, विमावाल्यांचा नवा नियम आहे, वीस वर्षांखाली कुणी बसायचं नाही. ती इतकी चिडली की बोलत नाही. "माझा कान तिकीटघरात काय ऐकणार, नाणी?" असं ओरडून गेली. तरी आज सकाळी मातृदिनाचं कार्ड दाराखालून आत सरकवलंच. सही डाव्या बाजूला वाकडी झालीय. ती म्हणते डोकं दुखलं की कधी कधी डोळ्यांच्या कडा राखाडी होतात, मग जातं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, फेऱ्या परत दे, मग येते.

पपांना सांगायचं मी ठरवलंय. सांगणार आहे. पण तुला ते माहीत आहेत ना? पपा, तुमच्या नियमानं काटा शून्यावर आणला आणि त्यानंच चूक झाली. पपा, तुम्ही मुलाला हाकलून दिलंत तो बरोबर होता. पपा, आता नाचघर पाडा नाहीतर गाडी बंद ठेवा. तीन वाक्यं आहेत. तिन्ही पाठ आहेत, म्हणवत नाहीत.

हे सगळं मला याच आठवड्यात कळलं, म्हणून अजून गडबडलेय. दोन दिवस दे.

इर्मा

*

रविवार, १९ मे

सिरिल,

तू काल घरी फोन केलास. पपांनी आवाज ओळखला आणि ठेवून दिला. मी शेजारीच उभी होते. "राँग नंबर," म्हणाले आणि पुन्हा पेरोगी, त्या उकडलेल्या करंज्या, खायला बसले. आजही ते असेच आहेत, तेव्हा पुन्हा करू नकोस.

सोमवारपर्यंत मी सांगितलं नाही तर सरकारी तपासनिसाला फोन करणार, असं तू लिहिलंस. आता त्याची गरज नाही. मी पपांना सांगितलं. शुक्रवारी, संध्याकाळी, नाचघराच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, यंदा हेरन बंद. फाटकाला कुलूप घातलंय. हंगामानंतर वळण बदलू. तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत, पण बोलतील, वेळ लागेल.

तेव्हा तू कुणाला फोन करू नकोस. पार्कचं नाव उगाच खराब होईल. तू तिथं शांतपणे तुझे पूल बांध.

लिनेट मजेत आहे. काल तिनं हेरनच्या शेवटच्या बाकाला नवा निळा रंग दिला. आता डोकंही कमी दुखतं म्हणते.

घाईत आहे.

इर्मा

*

काउंटी हॉस्पिटल
बुधवार, २९ मे

सिरिल,

मी तुझ्याशी खोटं बोलले. एवढं वाचून पत्र फाडलंस तरी चालेल, पण नको फाडूस. हे मी कुणाला तरी सांगायला हवं आणि ऐकायचा अधिकार तुझाच आहे.

मी पपांना काहीच सांगितलं नव्हतं. पायरीवर बसवलं हे खरं. तोंड उघडलं हेही खरं. मी म्हटलं, "पपा, हेरनचं वळण जरा कडक आहे असं वाटतं का हो?" ते म्हणाले, "तूच मोजलंस ना?" मी म्हटलं हो. "मग?" म्हणाले आणि उठून गेले. कुलूप वगैरे काही नव्हतं. तू तपासनिसाला फोन करू नयेस म्हणून मी ते पत्र लिहिलं. बंद गाडीचा बाक कुणी रंगवतं का? तुला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही, तुझ्यावर ढकलत नाही. मी आयुष्यभर तेच केलं.

शनिवारी पार्क उघडला. पहिली गाडी घरच्यांची, ही पद्धत तुला सांगायला नको. पपा पुढे पहिल्या बाकावर, आणि गाडीचा कान असेल तो शेवटच्या बाकावर. तू जाईपर्यंत, आधीच्या गाडीत, तिथं तू बसायचास. पपांनी सकाळी लिनेटला तिकीटघरात बघितलं आणि भडकले. "कसला नियम? माझ्या पार्कात माझी नात पहिल्या गाडीत बसणार नाही, असं सांगणारा विमावाला मला दाखव." लिनेटच्या चेहऱ्यावर काय आनंद होता, सिरिल! माझ्यावर चिडलेली पोर, धावत येऊन माझ्या गालावर ओठ टेकवून गेली.

फलाटावर ब्रेकचा दांडा माझ्या हातात होता. हे तुला नीट कळू दे. दांडा मी सोडल्याशिवाय गाडी हलत नाही. बँड वाजत होता, दोनशे माणसं उभी होती, पपांनी पहिल्या बाकावरून टोपी उंचावली. मी मनात म्हटलं, एक फेरी. एका फेरीनं काय होतं? इतक्या झाल्या. ही झाली की दुपारी जेवताना सांगते. आजच सांगते, नक्की सांगते. आणि मी दांडा सोडला.

गाडी सव्वादोन मिनिटांनी आत आली. सगळे उतरले. लिनेट बसून राहिली. हात मांडीवर, माझ्याकडे बघून हसत होती, पण हसू एकाच बाजूला होतं. मी गेले. ती म्हणाली, "आई, बँड का थांबवला?" बँड वाजत होता. मी तिला धरलं तेव्हा ती माझ्या अंगावर पडली. पोरीचं सगळं वजन माझ्यावर आलं.

कवटीच्या आत रक्त साचलंय. चार तास चिरफाड चालली होती. काल दुपारी तिनं उजवा हात दाबला. डावा नाही. बोलली नाही अजून. डोळे उघडते, पण माझ्याकडे बघते की माझ्या मागच्या भिंतीकडे, ते समजत नाही. डॉक्टर म्हणतात थांबा. मी थांबलेय.

डॉक्टरीणबाई लिनेटपेक्षा दहा वर्षांनी मोठी असेल. शनिवारी बाहेर आली तेव्हा मास्क गळ्यात लोंबत होता. म्हणाली, "आत ताजं रक्त आहे, आणि जुनंही आहे. थोडंथोडं कित्येकदा झालेलं. हिला मार लागला होता का? कार अपघात?" पपा म्हणाले, "कसला मार! आमची साधी गाडी आहे, तीन पॉइंट नऊ. हिनं मोजलंय." आणि माझ्याकडे बोट केलं. ते अजून अभिमानानंच करत होते.

मी म्हटलं, "पाच."

डॉक्टरीणबाईनं लिहून घेतलं. पपा वळले. "पाच? हा आकडा कुणाचा?"

"सिरिलचा," मी म्हटलं. "बरोबर होता. तेव्हाही बरोबर होता. मी काटा शून्यावर आणला होता, पपा."

पपा समोरच्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. अजूनही तिथंच बसतात. काल नर्सला म्हणाले, माझ्या मुलाला फोन लावून द्या, कॅनडात. नंबर माझ्याकडूनच घ्यायला लागला, पण त्यांनी तो नर्सकरवी मागवला. हॉस्पिटलातून फोन आला तर उचल, सिरिल. हेरन सोमवारी बंद केली. मी तपासनिसाला स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं, लिहूनही दिलं.

पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईनं आणखी एक प्रश्न विचारला. वही हातात धरून, अगदी साध्या आवाजात. "असं किती वेळा?"

मी तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला. पहिल्या हंगामात ती लहान म्हणून बसत नव्हती, त्यानंतर दिवसाला तीन फेऱ्या. एकोणनव्वदचा हंगाम एकशे एक दिवसांचा, नव्वदचाही एकशे एक. सहाशे सहा. या मेमधल्या बारा. आणि शनिवारची एक. मी म्हटलं सहाशे एकोणीस. तिनं मान खाली घालून लिहिलं आणि आत गेली.

तो आकडा तिच्यासाठी होता. हा दुसरा फक्त तुला सांगते, कारण पपांना तो सांगायची हिंमत माझ्यात अजून नाही. शेंगदाणे मी या मेमध्ये नेले नव्हते. ते गेल्या वर्षीचे, अकरा ऑगस्टचे. पुन्हा मोजलं तेही दुसऱ्या दिवशी, बारा ऑगस्टच्या रात्री, पार्क बंद झाल्यावर. तुला एप्रिलमध्ये कागद मागितले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तुझ्या गणितात काहीतरी चूक सापडावी, म्हणून मागितले होते.

बारा ऑगस्टपासून हंगाम संपेपर्यंत तेवीस दिवस. रोज सकाळी मी खाली पाना घेऊन उभी असायचे आणि ती वरून ओरडायची, "आई, सातव्या खांबाजवळ बघ!" एकोणसत्तर फेऱ्या. यंदाच्या बारा. शनिवारची एक.

मला कळल्यानंतरच्या ब्याऐंशी.

इर्मा